एका कांस्यपदकामागची माणसे

दिनांक २३ जुलै १९५२ रोजी फिनलंडच्या हेलसिंकी नगरीत सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर गावच्या एका पैलवानाच्या गळ्यात ऑलिंपिकचे कांस्यपदक पडले. खाशाबा दादासाहेब जाधव हे त्या पैलवानाचे नाव. स्वतंत्र भारताच्या नागरिकाने वैयक्तिक स्पर्धेत मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. पुढचे वैयक्तिक पदक पाहण्यासाठी देशाला १९९६ सालापर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षे वाट पाहावी लागली. त्या वर्षी अटलांटा येथे टेनिसपटू लिअँडर पेस यांनी कांस्यपदक मिळविले. कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ साली बीजिंगमध्ये सुशील कुमार यांच्या रूपाने आले. या दीर्घ कालखंडाकडे पाहिले म्हणजे खाशाबांचा पराक्रम किती एकाकी होता, याची कल्पना येते.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून घोषित केला. त्यामुळे शाळाशाळांतून आता त्यांच्या तसबिरीला हार पडतो, भाषणे होतात आणि बहुतेक भाषणांचा समारोप एकाच वाक्याने होतो : जिद्द असली की सर्व काही साध्य होते. हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि मुलांना सांगायला सोपे आहे. परंतु खाशाबांचे चरित्र नीट वाचले, तर ते अर्धेच खरे आहे असे दिसते. उरलेले अर्धे सत्य जरा अवघड आहे, आणि म्हणूनच ते बहुधा सांगितले जात नाही.

गोळेश्वर हे कराडच्या परिसरातील लहानसे गाव. १९२६ साली तेथे एका शेतकरी घरात खाशाबा जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच मुलगे, त्यांत खाशाबा सर्वांत धाकटे. अशा घरात मुलाला चालता येऊ लागले की आखाड्याची माती त्याच्या अंगाला लागायचीच. पुढे कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि त्यानंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले.

त्या काळचे कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरीच. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे विस्तीर्ण मैदान उभे केले, आणि महाराजांच्या पश्चातही पेठापेठांतल्या तालमींतून पहाटेच्या काळोखात शड्डू घुमत राहिले. जोर-बैठका, लाल मातीच्या हौदातली झोंबी, वस्तादांचा धाक आणि पैलवानी खुराक यांचे एक स्वतंत्र जगच तेथे नांदत होते.

मात्र या जगातला नामांकित मल्ल म्हणजे धिप्पाड देहाचा, चालला तर रस्ता भरून जाईल असा. खाशाबांची चण लहान होती, उंची बेताची होती. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत उतरण्याची त्यांची इच्छा क्रीडाशिक्षकांनी प्रथम त्यांच्या अंगकाठीकडे पाहूनच अमान्य केली, असे सांगितले जाते. खाशाबा निमूट परत फिरले नाहीत. ते थेट प्राचार्य खर्डेकर यांच्याकडे गेले, आणि प्राचार्यांनी त्यांना स्पर्धेत उतरण्याची परवानगी दिली. त्यांनी मग आपल्याहून अंगापिंडाने मोठ्या प्रतिस्पर्ध्यांना लोळविले. या हकीकतीत दोन माणसे आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. एक, दार ठोठावणारा विद्यार्थी. दुसरा, दार उघडणारा शिक्षक. पुढच्या साऱ्या कथेचे बीज या दोघांच्या त्या भेटीत आहे.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. स्वतंत्र भारताचा हा पहिलाच ऑलिंपिक प्रवेश. खाशाबांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. फ्लायवेट म्हणजे ५२ किलो वजनगटात खाशाबा उतरले, आणि तेथे त्यांची गाठ एका अपरिचित गोष्टीशी पडली. ती गोष्ट म्हणजे गादी.

मातीची कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांत वरवर साम्य असले, तरी त्या जवळजवळ दोन निराळ्या विद्या आहेत. मातीत पाय रुततो, पकड घट्ट बसते, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागून तो चीतपट झाला म्हणजे निकाल लागतो. तेथे दमाला महत्त्व असते. दोन मल्ल एकमेकांना अजमावीत कितीतरी वेळ खडाखडी करू शकतात. गादीवर याच्या उलट. तेथे घड्याळ चालू असते, प्रत्येक डावाचे मोल पंच मोजत असतात, आणि पाठ न लावताही माणूस गुणांवर हरतो. मातीवर रुळलेला पाय गादीवर वेगळ्याच वेगाने सरकतो. आयुष्यभर बैलगाडी हाकणाऱ्याला एकाएकी मोटार चालवायला बसवावे, तसाच हा प्रकार होता.

लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन खाशाबांना लाभले. ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांवर त्यांनी मात केली, इराणच्या मल्लाकडून ते हरले, आणि अखेर सहाव्या क्रमांकावर आले. बावीस वर्षांच्या, गादीवर नवख्या असलेल्या खेळाडूला जगात सहावा क्रमांक मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. मायदेशी कौतुक करून घ्यावे, चार ठिकाणी सत्कार स्वीकारावेत आणि ‘लंडनला जाऊन आलेले पैलवान’ म्हणून उरलेले आयुष्य घालवावे, एवढी पुण्याई त्या सहाव्या क्रमांकात खचित होती.

खाशाबांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. आपल्यापुढे पाच जण आहेत, एवढेच त्यांनी लक्षात ठेवले. जिद्द या शब्दाचा नेमका आशय येथे सापडतो. जिद्द म्हणजे आवेश नव्हे. आवेश सामन्याच्या आदल्या रात्री येतो आणि दुसऱ्या दिवशी ओसरतो. जिद्द म्हणजे हिशेब. आपण कोठे कमी पडलो, ते भरून काढायला काय करावे लागेल आणि त्याला किती दिवस लागतील, याचा शांतपणे मांडलेला हिशेब. पुढची चार वर्षे खाशाबांनी हा हिशेब रोजच्या रोज चुकता केला. त्यांनी मेहनत वाढविली, वरचा म्हणजे ५७ किलोचा बँटमवेट गट आपलासा केला, आणि ढाक या डावावर असे प्रभुत्व मिळविले की तो त्यांचा हुकमी डाव ठरला. या चार वर्षांत त्यांना पाहायला कोणी प्रेक्षक नव्हते. पहाटेची तालीम पाहायला गर्दी कधीच जमत नसते.

१९५२ साल उजाडले आणि पहिली अडचण आली ती निवडीची. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाने खाशाबांची हार झाल्याचे जाहीर झाले, आणि हेलसिंकीचा रस्ता बंद झाला. हा निर्णय न्याय्य नाही, अशी खाशाबांची ठाम भावना होती. अशा वेळी माणूस बहुधा दोनांपैकी एक गोष्ट करतो. एक तर नशिबाला दोष देत घरी बसतो, किंवा साऱ्या जगाला शिव्याशाप देत सुटतो. खाशाबांनी तिसरा मार्ग धरला. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह यांच्याकडे त्यांनी दाद मागितली. महाराज कुस्तीचे जाणकार होते. पुन्हा लढत घेण्याचे ठरले, आणि त्या लढतीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून प्रश्न निकालात काढला. तक्रार करणे आणि ती तक्रार खरी होती हे कृतीने सिद्ध करून दाखविणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. आपल्याकडे पहिली गोष्ट पुष्कळांना जमते, दुसरी मोजक्यांना.

निवड तर झाली; परंतु जायचे कसे? पैसा कोठून आणायचा? येथे या कथेला इतिहासाचे एक वळण आडवे आले होते. १९४८ साली कोल्हापूर हे संस्थान होते, आणि महाराजांच्या एका शब्दावर लंडनचा खर्च निघाला होता. १ मार्च १९४९ रोजी हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाश्रयाचा काळ संपला. तो संपायलाच हवा होता. एखाद्या गुणी माणसाचे भवितव्य राजाच्या मर्जीवर अवलंबून असावे, ही काही चांगली व्यवस्था नव्हे. परंतु जुनी व्यवस्था गेली तरी तिची जागा घेणारी नवी व्यवस्था अद्याप उभी राहिली नव्हती. लोकांचे राज्य आले होते. मात्र लोकांच्या राज्यात खेळाडूला परदेशी पाठविण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, याचे उत्तर ठरलेले नव्हते. राजवाड्याचे दार बंद झाले होते आणि सरकारी कचेरीचे दार अजून पुरते उघडले नव्हते. त्या दोन दारांच्या मधल्या उंबरठ्यावर गोळेश्वरचा हा पैलवान उभा होता.

मग माणसे पुढे आली. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली. कराडच्या व्यापाऱ्यांनी हातभार लावला. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि ते आपल्या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले.

१९५२ सालचे सात हजार रुपये ही रक्कम किती मोठी होती, हे सांगायला आकडेमोड नको. एका प्राध्यापकाला त्यासाठी घर गहाण टाकावे लागले, यातच ते आले. शिवाय हे पैसे कोणत्या खात्रीवर दिले गेले? पदकाची हमी कोणी दिलेली नव्हती. हिंदुस्थानच्या कोणत्याही मल्लाला तोवर ऑलिंपिक पदक मिळालेले नव्हते. खाशाबा रिकाम्या हाताने परतले असते, तर गावाने चार दिवस हळहळ व्यक्त केली असती. मात्र घर गेले असते ते एका शिक्षकाचे. वर्गात धैर्यावर व्याख्यान देणे निराळे, आणि विद्यार्थ्याच्या धैर्यासाठी आपल्या डोक्यावरचे छप्पर पणाला लावणे निराळे. हेलसिंकीच्या पदकावर नाव एकाचे कोरलेले असले, तरी जोखीम दोघांनी घेतली होती.

हेलसिंकीचे ते ऑलिंपिक जगाच्या स्मरणात आहे ते प्रामुख्याने चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक याच्यामुळे. ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती त्याने तेथे जिंकल्या. भारतीयांचे लक्ष होते ते हॉकीकडे, आणि हॉकी संघाने परंपरेप्रमाणे सुवर्णपदक जिंकलेही. कुस्तीकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती.

अशा वातावरणात खाशाबा गादीवर उतरले. कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना त्यांनी नमविले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झवर मात केली. पुढची गाठ होती जपानच्या शोहाची इशी याच्याशी. हा इशी मूळचा ज्युदोपटू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर निर्बंध आले तेव्हा तो कुस्तीकडे वळला होता. पराभूत आणि उद्ध्वस्त राष्ट्राचा तोही एक जिद्दी पुत्रच. दोघांची लढत पंधरा मिनिटांच्या घरात रंगली आणि खाशाबा ती अगदी थोडक्यात हरले. इशीने पुढे सुवर्णपदक जिंकले. युद्धानंतरचे जपानचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक ठरले.

या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर लगेच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव्ह याच्याशी लढायला पुकारण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता, असे सांगितले जाते. परंतु तो नियम दाखवून आपल्या खेळाडूची बाजू मांडील असा एकही भारतीय अधिकारी त्या क्षणी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. ममदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच दुसरे मल्ल केशव माणगावे ६२ किलो गटात चौथे आले. पदक त्यांच्या हातून निसटले.

कांस्यपदकाच्या आनंदात विश्रांतीची ही हकीकत बहुधा दोन ओळींत उरकली जाते. वास्तविक तीवर थांबून विचार करायला हवा. माणूस आपल्या शरीराला कितीही कसू शकतो, मनाला कितीही कणखर करू शकतो. परंतु गादीवर उभे राहून तो एकाच वेळी लढूही शकत नाही आणि पंचांशी नियमाचा वादही घालू शकत नाही. ते काम दुसऱ्या कोणाचे तरी असते. तो दुसरा जागेवर नसेल, तर खेळाडूच्या चार वर्षांच्या हिशेबात एक आकडा असा राहून जातो, की जो त्याच्या हातचाच नव्हता. रौप्य किंवा सुवर्ण मिळाले असते, असे छातीठोकपणे कोणीही म्हणू नये. मात्र अर्धा तास मिळाला असता, एवढे म्हणायला हरकत नाही.

खाशाबा परतले तेव्हा कराडच्या स्थानकापासून गोळेश्वरापर्यंत त्यांची मिरवणूक निघाली. शंभराहून अधिक बैलगाड्या त्या मिरवणुकीत होत्या. ढोल-ताशे वाजले, गुलाल उधळला गेला, आणि एरवी काही मिनिटांत संपणाऱ्या त्या वाटेला तासन्‌तास लागले. ज्या गावाने वर्गणी दिली, त्या गावाचा हा आनंद होता. तो उसना नव्हता.

यानंतर खाशाबांनी जे केले, ते पदकाइतकेच मोलाचे आहे. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः त्यांत लढले, आणि त्यांतून मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. ऑलिंपिक पदक गळ्यात पडलेला माणूस लगेच पुन्हा मातीत उतरतो, तो कीर्तीसाठी नव्हे, तर गुरूचे ऋण फेडण्यासाठी! खाशाबांच्या जिद्दीचा हा पैलू शाळेतल्या भाषणांत क्वचितच येतो. पदकासाठी राबणे हे महत्त्वाकांक्षेचे लक्षण झाले. पदक मिळाल्यावर कर्जासाठी राबणे हे चारित्र्याचे लक्षण होय.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची वाट अडविली. त्यानंतर उरली ती नोकरी. सुमारे २७ वर्षांच्या सेवेतला बहुतेक काळ बढतीविना गेला. सेवेच्या अखेरीस ते सहायक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत मशालधारकांत त्यांचा समावेश झाला, एवढाच काय तो मानाचा क्षण. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला.

मग सन्मान येऊ लागले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. २०१० साली दिल्लीच्या क्रीडासंकुलातील कुस्तीच्या प्रेक्षागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. राज्य क्रीडा दिन आला तो २०२३ साली. हे सारे सन्मान योग्यच आहेत. मात्र एकही सन्मान स्वीकारायला खाशाबा हयात नव्हते. हयात असताना त्यांना ज्याची गरज होती ते पुतळ्याहून आणि प्रेक्षागृहाहून कितीतरी स्वस्त होते : प्रवासाचा खर्च, नियम जाणणारा एक अधिकारी, वेळेवर मिळालेली बढती आणि वेळेवर मिळालेले निवृत्तिवेतन.

येथे एक आक्षेप संभवतो. अडचणींनीच माणूस घडतो, असे पुष्कळांचे मत असते. खाशाबांना सारे आयते मिळाले असते तर ते एवढे जिद्दी झालेच नसते. आजच्या मुलांना सोयी अधिक आणि धमक कमी, असे म्हणणारी वडीलधारी मंडळी प्रत्येक घरात आणि प्रत्येक शिक्षक-कक्षात भेटतात. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही, असे नाही. संकटाने काहींना धार येते, हे खरेच आहे. परंतु या युक्तिवादात एक मोठी चूक दडलेली आहे. जो संकटातून वर आला, तोच आपल्याला दिसतो. जे संकटात बुडाले, त्यांची नावे कोणाला ठाऊक नसतात. वर्गणी जमली नाही म्हणून गावातच राहिलेला पैलवान, दुखापतीवर उपचार न झाल्याने पंचविशीतच संपलेला धावपटू, ज्याच्या प्राचार्यांकडे गहाण टाकायला घरच नव्हते असा विद्यार्थी, यांच्या तसबिरी कोणत्याही शाळेत लागत नाहीत. एका खाशाबांकडे बोट दाखवून ‘पाहा, काहीही नसताना माणूस जिंकतो’ असे म्हणणे, म्हणजे बुडालेल्या साऱ्यांना ‘दोष तुमचाच’ असे सुनावणे होय. शिवाय ते खाशाबांच्या बाबतीतही खोटे आहे. त्यांच्यापाशी काहीही नव्हते, असे नाही. त्यांच्यापाशी गाव होते, आणि एक गुरू होता.

अडचण आणि शिस्त या दोहोंत आपण गल्लत करतो, हे याचे मूळ. पहाटे उठून हजार बैठका मारणे ही शिस्त. तिच्यावाचून मल्ल घडत नाही, आणि ती कोणी कोणाला आयती देऊ शकत नाही. प्रवासखर्चासाठी दारोदार फिरणे ही निव्वळ अडचण. तिने एकही स्नायू बळकट होत नाही. पहिली गोष्ट खेळाडूने करायची आहे. दुसरी समाजाने दूर करायची आहे. समाज आपल्या वाट्याचे काम करीत नसला की तो खेळाडूच्या वाट्याच्या कामाची जरा जास्तच स्तुती करू लागतो.

या दृष्टीने अलीकडचे एक उदाहरण बोलके आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक पटकाविले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. योगायोग असा, की खाशाबा ज्या कोल्हापुरात शिकले, त्याच कोल्हापूर जिल्ह्याचे स्वप्नील, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे. आणि त्यांचे वडील शिक्षक. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत त्यांचे प्रशिक्षण झाले, रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली, त्या आधारावर सराव चालू राहिला. त्यांनाही कष्ट चुकले नाहीत; त्यांच्या वडिलांनाही मुलाच्या खेळासाठी कर्ज काढावे लागले. बारा वर्षांहून अधिक काळ आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वावरल्यानंतर, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ते प्रथमच ऑलिंपिकला गेले. जिद्द तीच, माती तीच. फरक एवढाच की खाशाबांच्या वेळी जेथे मोकळी पोकळी होती, तेथे आज निदान एक संस्था उभी आहे आणि महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आहे. बहात्तर वर्षांत ही प्रगती झाली. ती मोलाची आहे, आणि बहात्तर वर्षांच्या मानाने ती थोडी आहे.

खाशाबांच्या चरित्रातून कोणी काय घ्यावे, हे आता निराळे सांगायला नको. विद्यार्थ्याने घ्यावा तो सहाव्या क्रमांकाचा अर्थ. परीक्षेत, स्पर्धेत, नोकरीच्या निवडयादीत आपण सहावे आलो, तर तो निकाल शेवटचा समजायचा की पुढच्या चार वर्षांचा आराखडा समजायचा, हे ठरविणे आपल्या हाती आहे; आणि निर्णय अन्यायाचा वाटला तर दाद मागण्यात कमीपणा नाही, मात्र दाद मिळाल्यावर चीत करून दाखविण्याची तयारी हवी. शिक्षकाने घ्यावी ती प्राचार्य खर्डेकरांची नजर. प्रत्येक शिक्षकाला घर गहाण टाकणे शक्य नाही, आणि ते अपेक्षितही नाही. परंतु ज्याची चण लहान आहे म्हणून सारे ज्याला बाजूला सारतात, त्या मुलाला एकदा मैदानात उतरू देणे प्रत्येकाला शक्य आहे. त्याला एक पैसाही लागत नाही.

आणि कचेरीत बसणाऱ्या कारकुनाने, अधिकाऱ्याने काय घ्यावे? त्याच्या टेबलावर येणाऱ्या कागदांत कोणा खेळाडूच्या अनुदानाचा अर्ज असतो, कोणाच्या रजेचा असतो, कोणाच्या बढतीचा किंवा निवृत्तिवेतनाचा असतो. त्या कागदावर नाव असते. नावामागची पहाटेची तालीम दिसत नाही. हेलसिंकीत एक अधिकारी वेळेवर हजर नव्हता, म्हणून एका मल्लाचा अर्धा तास हुकला. आपल्या टेबलावरच्या ढिगात असे किती अर्धे तास अडकून पडले आहेत, हे ज्याचे त्याने पाहावे. टेबलावरचा एक कागद वेळेवर पुढे सरकविणे हेही क्रीडाक्षेत्राला दिलेले योगदानच आहे. त्याला पदक मिळत नाही, एवढेच.

दरवर्षी १५ जानेवारीला खाशाबांच्या तसबिरीला हार घालताना शेजारी आणखी एक तसबीर असायला हवी, ती त्या प्राचार्यांची. मुलांना सांगायचे ते दोघांविषयी सांगावे. एकाने सहाव्या क्रमांकावर समाधान मानले नाही. दुसऱ्याने शाबासकी देऊन आपले काम संपले असे मानले नाही. या दोहोंपैकी पहिली गोष्ट शिकविण्यात आपण बरेच पुढे गेलो आहोत. दुसरी अद्याप आपण स्वतःच शिकायची आहे.